येत्या हंगामात इंदूरला कोणती नाटकं यावीत, आणि आपली स्वतःची कुठे आहेत?

खंडवा_रोड (धागाकर्ती)

मंडळी, नव्या हंगामाची कुजबुज सुरू झाली आहे. कुणाच्या तरी मावसभावाने कुणाकडून तरी ऐकलं, अशा थाटात दोन-तीन नाटकांची नावं आमच्या ग्रुपवर फिरूनही गेली. खरं काय ते तारखा जाहीर झाल्यावरच कळेल, तेव्हा ती नावं इथे देत नाही, कुणी देऊही नका. धागा काढलाय तो वेगळ्याच कारणासाठी. येणारं येईल, पण आपल्याला काय यायला हवंय? आणि मुंबई-पुण्याहून येणाऱ्या नाटकांपलीकडे इंदुरात मराठी नाटक म्हणून काही उभं राहतंय का?

नोकरीनिमित्त नव्याने इथे आलेले बरेच जण विचारत असतात, म्हणून थोडक्यात सांगते. मुंबई-पुण्याची मराठी नाटकं इथे आणणारी संस्था म्हणजे सानंद न्यास, आणि तिची नाटकं सभासदांसाठी असतात. सभासदांचे पाच गट आहेत: मामा मुजुमदार, रामूभैया दाते, राहुल बारपुते, वसंत आणि बहार. एक नाटक येतं आणि शनिवार-रविवारात त्याचे पाच प्रयोग होतात, प्रत्येक गटाला एक. बहुतेक वेळा खंडवा रोडवरच्या विद्यापीठाच्या सभागृहात, ज्याला सगळे यूसीसी म्हणतात. ही नावं कुणाची असं पुण्याहून आलेल्या माझ्या शेजारणीने विचारलं होतं. रामूभैया म्हणजे अरुण दात्यांचे वडील, आणि बारपुते म्हणजे 'नई दुनिया'चे संपादक. नाटकाच्या गटाला हिंदी वर्तमानपत्राच्या संपादकाचं नाव, हे इंदुरातच व्हायचं.

तर बोला. नट-नट्यांचे फोटो टाकू नका, नाटकाबद्दल बोला.

तिसरी_घंटा

माझी मागणी एकच. पूर्ण लांबीचं संगीत नाटक आणा. 'सौभद्र' 1882 सालचं आहे आणि आजही त्यातली पदं आमच्या पिढीला तोंडपाठ आहेत. पण हल्ली जिथेतिथे निम्मी पदं गाळून दीड-दोन तासांत उरकलेली आवृत्ती दाखवतात. ऑर्गन आणि तबला समोर हवा. ध्वनिमुद्रित ट्रॅकवर गाणारा अर्जुन मला बघायचा नाही. या शहराला गाणं कळतं, इथे चांगली तान गेली की आपोआप 'वाह' उठतो.

धाग्याच्या दुसऱ्या प्रश्नाबद्दल: स्थानिक मंडळांबद्दल न बोललेलं बरं. हौस वेगळी, नाटक वेगळं.

पोहे_जिलबी

काका, दंडवत. पण संगीत नाटकाच्या नावाने आमच्या वयाची पोरं पहिल्या मध्यंतरातच खायला छप्पन दुकानला पळतील. माझी यादी: 'देवबाभळी' पुन्हा. पुण्यात पाहिलंय, तरी परत पाहीन. आवली आणि रखुमाई, दोनच बाया दोन तास धरून ठेवतात. आणि त्यातही गाणी आहेत बरं का, म्हणजे तुमचीही सोय.

बाकी कृपा करून 'नवरा-बायको-शेजारी-गैरसमज' छापाचं यंदा नको. घरी फुकट बघायला मिळतं.

भिया_इंदौरी

का नको रे भिया? आठवडाभर दुकानात बसून डोकं उठलेलं असतं. रविवारी संध्याकाळी बायकोला घेऊन जायचं, दोन तास हसायचं, मग सराफ्यातल्या रात्रीच्या खाऊबाजारात जाऊन काहीतरी हाणायचं. वैचारिक नाटक बघून आलो की सराफ्यातसुद्धा ही गप्प बसते. मला परवडत नाही.

विंगेतून

इथे फर्माइशी सुटल्या आहेत, म्हणून पडद्यामागचं थोडं सांगतो. मी इथल्या प्रयोगांना मदतीला जात असतो. नट नाही, हमाल समजा.

नाटक इंदूरला आणायचं म्हणजे निर्मात्याशी ठरलेल्या रकमेचा करार. महाराष्ट्रात तो स्वतः थिएटर घेतो, जाहिरात करतो, तिकिटं विकली गेली तर कमावतो, नाहीतर तोटा खातो. इथे ती जोखीम संस्थेची. प्रश्न असतो तो तारखांचा. मालिकेत काम करणाऱ्या नटाला शनिवार-रविवारच मोकळा मिळतो, आणि त्याच दोन दिवसांत तिकडे प्रयोग लागलेले असतात. इंदूरला यायचं तर शुक्रवारही मोडतो आणि सोमवारही. मग तो का येईल? तर दोन दिवसांत पाच प्रयोग, म्हणजे पाच 'नाईट', पाच प्रयोगांचं मानधन, एका ठिकाणी बसून. हे गणित जमतं म्हणून आपल्याकडे नाटक येतं. एकच प्रयोग ठेवला असता तर अर्धी नाटकं सीमेजवळचं सेंधवा ओलांडून आलीच नसती.

सेट येतो रस्त्याने. नाशिक, धुळे, मग बिजासनचा घाट, सहाशेच्या आसपास किलोमीटर. नटमंडळी विमानाने किंवा अवंतिका एक्सप्रेसने येतात. ट्रक आला की पहिल्यांदा लेव्हल, म्हणजे उंचीसाठीचे लाकडी चौथरे उतरतात, मग फ्लॅट. फ्लॅट म्हणजे लाकडी चौकटीवर ताणलेल्या, रंगवलेल्या भिंती. तुम्हाला समोरून जो दिवाणखाना दिसतो, त्याला मागून तिरके टेकू आणि पायाशी वजनं असतात. दार आपटून निघून जायचा प्रसंग असेल तर त्या दाराच्या मागे एक माणूस कायम उभा. नायिका रागाने दार आपटते, आणि हा मागून दोन्ही हातांनी भिंत धरतो. रविवारच्या तिसऱ्या प्रयोगापर्यंत त्याला तिचा राग पाठ झालेला असतो. कुठल्या वाक्याला हात पुढे करायचे, हे तो न बघता करतो.

आता मुद्दा. मोठा सेट, दहा-बारा पात्रं, शिवाय वादक, म्हणजे करार फुगला. दोन-चार पात्रांची नाटकं जास्त येतात, त्याला लोकांची आवड हे एकच कारण नाही. माणसं कमी, खोल्या कमी, तिकिटं कमी. तिसरी_घंटा काकांच्या संगीत नाटकाचा खरा शत्रू तरुण पिढी नाही, हॉटेलचं बिल आहे.

तिसरी_घंटा

पटलं. तरी मागणी मागे घेत नाही.

सूनबाई_सुदामानगर

'वाडा चिरेबंदी' कुणीच का नाही म्हणालं? एलकुंचवारांचं. मोठा सेट आहे, पात्रंही भरपूर, म्हणजे विंगेतूनच्या हिशोबाने महागच. पण इंदूरच्या मराठी घरांमध्ये त्या नाटकाला जे प्रेक्षक मिळतील ते पुण्यातसुद्धा मिळणार नाहीत. आमचं माहेरचं घर बक्षी गल्लीत होतं. भाऊबंदकी, वाटण्या, कोण म्हातारीला ठेवणार, दागिने कुठे गेले, सगळं झालं. आता तिथे तळमजल्यावर मोबाइल कव्हरांचं दुकान आहे. नाटकातलं धरणगाव वऱ्हाडातलं, पण ते घर मी ओळखते.

एलकुंचवारांनी पुढे 'मग्न तळ्याकाठी' आणि 'युगान्त' लिहून त्याची त्रिनाट्यधारा केली. 1994 मध्ये चंद्रकांत कुलकर्णींनी तिन्ही नाटकं सलग केली होती, जवळजवळ नऊ तासांचा प्रयोग. तेवढं मागत नाही. पहिलं तरी आणा.

पोहे_जिलबी

नऊ तास?! मध्ये जेवण होतं का?

सूनबाई_सुदामानगर

तुला पहिल्यांदा तेच सुचणार हे आयडीवरूनच कळलं होतं.

मांडवीकर

बडोद्याहून लिहितोय, घुसखोरीबद्दल क्षमस्व. तुमचा धागा वाचून हेवा वाटला. आम्ही मुंबईच्या किती जवळ, एका रात्रीत नाटक येऊन परत जाऊ शकतं. महात्मा गांधी नगरगृह आहे, अकोट्याला सर सयाजी नगरगृह आहे. पण आमच्याकडे गुजराती नाटकाचा बाजार एवढा तयार आहे की सभागृहाच्या शनिवार-रविवारच्या तारखांसाठी मराठी नाटकाला रांगेत उभं राहावं लागतं. आणि आमची मुलं गुजराती नाटकाला जितक्या सहज हसतात तितकी मराठीला हसत नाहीत, हेही खरं. कधीकाळी गंधर्व नाटक मंडळीला सयाजीराव महाराजांचा आश्रय होता, हे सांगून छाती फुगवायची आणि घरी येऊन मालिका लावायची, असं चाललंय.

पाच गटांची युक्ती इथे करून बघण्यासारखी आहे. सभासदांचे पैसे वर्षाच्या सुरुवातीलाच जमा होतात का?

खंडवा_रोड

हो, वर्गणी आधी. त्यामुळे यंदाची नाटकं कोणती हे माहीत नसतानाच आपण पैसे भरलेले असतात. अर्थात, यात गंमतही आहे. मी स्वतःहून तिकीट काढून कधीच गेले नसते अशी कितीतरी नाटकं केवळ कार्ड वाया जाऊ नये म्हणून पाहिली, आणि त्यातली काही डोक्यातून अजून जात नाहीत.

लष्करवाला

ग्वाल्हेरहून सलाम. आमच्याकडे बाहेरचं नाटक येणं म्हणजे कपिलाषष्ठीचा योग. इंदूरपर्यंत आलेला ट्रक पुढे पाचशे किलोमीटर कोण हाकणार? पण तुमच्याकडे नाही असं एक आमच्याकडे आहे. आर्टिस्ट कंबाइनचं स्वतःचं नाट्यमंदिर, दाल बाजारात. हौशी मराठी नटांच्या संस्थेचं स्वतःच्या मालकीचं थिएटर. बाहेरून येत नाही म्हणून आम्हाला करावं लागलं, आणि जागा हाताशी असल्यामुळे करता आलं. इंदूरवाल्यांना आयतं मिळतं म्हणून आळस चढलाय का, असा खोडसाळ प्रश्न विचारून पळतो.

भिया_इंदौरी

ओ ग्वाल्हेर, पळू नका. सापडाल.

तालीम_सहा_वाजता

लष्करवाला यांचा प्रश्न खोडसाळ नाही, त्यामुळे उत्तर देते. आमचा छोटा गट आहे, नाव इथे नको, जाहिरात वाटेल. दोन अंकी नाटक बसवतोय, नवं कोरं, गटातल्याच एकाने लिहिलेलं.

आधी थोडा इतिहास, कारण तिसरी_घंटा काकांचं 'हौस वेगळी, नाटक वेगळं' मनाला लागलं. याच शहरात बाबा डिके यांनी नाट्यभारती ही नाट्यसंस्था उभी केली. ती माणसं नोकऱ्या करून नाटक करत होती. गांधी हॉलच्या आवारातलं अभिनव कला समाजाचं रंगमंच काय किंवा रवींद्र नाट्यगृह काय, तिथे मुंबईची वाट न बघता मराठी नाटकं झाली आहेत. म्हणजे हौशी या शब्दाने नाक मुरडायचं कारण नाही.

आता अडचणी. पैसा ही पहिली अडचण नाही, कुणाचाही विश्वास बसणार नाही पण नाही. पहिली अडचण वीस ते तीस वयाचे नट. मुलं हुशार आहेत, हिंदी नाटकं करतात, आवाज आहे, अंग मोकळं आहे. लिपी एकच, त्यामुळे संहिता हातात दिली की धडाधड वाचतात. आणि मग 'बाळ' चा 'बाल' होतो, 'जवळ' चा 'जवल'. 'चहा'तला च 'चंद्रा'तल्या च सारखा येतो. घरी आईशी मराठीच बोलतात हो, पण ती चार वाक्यांची मराठी: जेवायला वाढ, येतो, झोपलो, पैसे दे. सलग दोन मिनिटांचं स्वगत आलं की जीभ अडखळते. मी काय करते, पहिले पंधरा दिवस संहिता हातात देतच नाही. तालमीला आल्यावर मोबाइल टोपलीत आणि मराठीत गप्पा. आज दिवसभरात काय झालं ते मराठीत सांग, मध्ये 'मतलब' आलं की पुन्हा सुरुवातीपासून. एका मुलाला बसमधलं भांडण सांगायला अर्धा तास लागला. पण शेवटी त्याने जे सांगितलं ते आमच्या नाटकातल्या कुठल्याही संवादापेक्षा जिवंत होतं. आमच्या लेखकाने त्यातली दोन वाक्यं उचललीसुद्धा.

दुसरी अडचण जागा. तालमीला कुणाची तरी गच्ची किंवा शाळेचा वर्ग, तोही परीक्षा नसतील तेव्हा. गच्चीवर बसवलेलं नाटक रंगमंचावर नेलं की सगळ्यांच्या हालचाली आखडतात, कारण मापं चुकतात. म्हणून आम्ही गच्चीवर खडूने रंगमंच आखतो, दारं, पायऱ्या सगळं. पाऊस आला की घर वाहून जातं.

तिसरी, प्रेक्षक. नातेवाईक येतात. दुसऱ्या प्रयोगाला नातेवाईक संपतात.

विंगेतून

शेवटचं वाक्य फ्रेम करून लावावं. सेटचं काय करताय? माझ्याकडे दोन जुन्या लेव्हल पडून आहेत, रंग उडालाय पण मजबूत आहेत. येऊन घेऊन जा.

आणि एक व्यवहाराची गोष्ट. पुढे महाराष्ट्रात कुठे स्पर्धेला किंवा प्रयोगाला न्यायचा विचार असेल तर संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडून आधीच मंजूर करून घ्या. त्याला वेळ जातो. ऐनवेळी पळापळ करणारे गट पाहिले आहेत.

तालीम_सहा_वाजता

लेव्हल नक्की नेते, मनापासून धन्यवाद. संहिता पाठवायचं डोक्यात आहे.

पोहे_जिलबी

ताई, मी येऊ का तालमीला? 'ळ' म्हणता येतो. काळा कावळा, कळवळला. बघा.

तालीम_सहा_वाजता

लिहिता येतो हे दिसलं. म्हणून दाखवायला या.

मांडवीकर

विषयांतर होतंय, पण एक विचारतो. मोठ्या सभागृहात मागच्या रांगांना ऐकू येतं का? आमच्याकडे एका ठिकाणी माइक रंगमंचाच्या कडेला असे ठेवले होते की पावलांचा आवाज संवादांपेक्षा मोठा. नायक गंभीरपणे मरत होता आणि आम्हाला फक्त त्याच्या चपला ऐकू येत होत्या.

विंगेतून

बहुतेक नवी सभागृहं भाषणांसाठी बांधलेली असतात, नाटकासाठी नाही. उंच छत, गुळगुळीत भिंती, आवाज घुमतो. जाणकार ध्वनिवाला असेल तर वरून टांगलेले आणि पुढच्या कडेचे माइक कमी-जास्त करत राहतो, नट जागा बदलेल तसा. तो हात सफाईदार असेल तर तुम्हाला माइक आहेत हेच कळत नाही. आणि पाच प्रयोगांत एक गोष्ट होते: रविवारी रात्री नटाचा घसा बसलेला असतो आणि सभागृह भरलेलं असल्याने आवाज शोषलाही जास्त जातो. तरीही रविवार रात्रीचा प्रयोग मला आवडतो. थकलेले नट फाजीलपणा करत नाहीत, नाटकापुरतंच बोलतात.

सूनबाई_सुदामानगर

उलट रविवार सकाळचा बघा. दहा वाजता, पोटात गरम पोहे, निम्मं सभागृह सत्तरीच्या पुढचं. विनोद कळायला अर्धा सेकंद उशीर होतो, पण हशा आला की थांबत नाही. नटांनाच वाट बघावी लागते.

तिसरी_घंटा

सकाळच्या गटात मी आहे. आम्हाला विनोद वेळेवर कळतात. तो चांगला आहे की नाही हे ठरवायला अर्धा सेकंद घेतो.

खंडवा_रोड

काका _/\_

आत्तापर्यंतचं पाहिलं तर मागण्या: पूर्ण संगीत नाटक, 'देवबाभळी' पुन्हा, 'वाडा', आणि भियांसाठी एक हलकंफुलकं. हे मी आयोजकांना पत्राने कळवणार आहे, सगळ्यांच्या वतीने, आयडीच्या नावानिशी. 'पोहे_जिलबी' यांनी कळवले आहे की, असं लिहिताना मजा येईल.

माझं स्वतःचं मत विचाराल तर स्थानिक गटाच्या नाटकाला सभासदांनी निदान एकदा वर्षातून तिकीट काढून जावं. फुकट पास नको, तिकीट. पासवर आलेला माणूस मध्यंतरात निघून जातो, पैसे दिलेला बसून राहतो आणि शिव्या तरी नीट देतो.

भिया_इंदौरी

मान्य. आमच्या दुकानावर पोस्टर लावायला द्या, रोज दोनशे गिऱ्हाइकं बघतील. पण नाटकात कुणी मरणार नाही ना?

तालीम_सहा_वाजता

एक आजोबा मरतात. पण दुसऱ्या अंकात.

त्याच आजोबांसाठी नट हवाय. ज्यांना विचारलं होतं ते मुलीकडे अमेरिकेला चाललेत, सहा महिन्यांसाठी. साठीच्या पुढचे गृहस्थ, आवाज खणखणीत, पहिल्या अंकात सारखं कुरकुर करणारं पात्र आहे. थोडं गाता आलं तर उत्तम, कारण एका प्रसंगात नाट्यपदाच्या दोन ओळी गुणगुणायच्या आहेत. टक्कल चालेल. कुणी ओळखीचं आहे का?

पोहे_जिलबी

सगळ्यांच्या मनात एकच नाव आलंय ना, की मलाच वाटतंय?

सूनबाई_सुदामानगर

मलाही.

लष्करवाला

ग्वाल्हेरपर्यंत आलंय.

तिसरी_घंटा

टक्कल आहे. गाता येतं. कुरकुरीची तालीम लागणार नाही. पाठांतर राहिलेलं नाही.

तालीम_सहा_वाजता

प्रॉम्प्टर आहे काका. उद्या सहाला या, गच्चीवर. जिना अरुंद आहे, सांभाळून.

तिसरी_घंटा

सहा म्हणजे सहा, की इंदुरातले सहा?